नव्या गावात राहायला आलात? नगरपरिषदेच्या गावातल्या सार्वजनिक कामात उतरण्याची वाट

बदली होते, लग्न होतं, निवृत्तीनंतर शांत जागा हवी असते, आणि माणूस छोट्या गावात राहायला येतो. पहिला महिना गॅस, दूधवाला, पाण्याची वेळ आणि मुलांचे दाखले यातच निघून जातो. मग एका संध्याकाळी सगळं आवरून झालेलं असतं आणि जायला जागा नसते. शहरात हे एकटेपण गर्दीत खपून जातं. छोट्या गावात रस्त्यावरचा प्रत्येक जण दुसऱ्याला नावानं हाक मारत असतो, आणि त्यातली एकही हाक आपल्यासाठी नसते.

मी बारा वर्षांपूर्वी बँकेच्या बदलीवर अशा एका ‘क’ वर्ग नगरपरिषदेच्या गावात आले आणि नोकरी संपल्यावर इथंच राहिले. आपल्या राज्यात चाळीस हजार किंवा त्याहून कमी लोकसंख्येची नगरपरिषद ‘क’ वर्गात मोडते. माथेरानसारख्या ठिकाणी तर २०११ च्या जनगणनेत साडेचार हजारांच्या आतच लोक होते. अशा गावांत ओळख सांगून होत नाही, बरोबरीनं काम करताना होते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, एका सतरंजीनं शिकवलं.

वाचनालयाच्या व्याख्यानाला गेले होते. व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या, लोक चपला शोधत निघाले. मागं चार-पाच जण सतरंज्या उचलत होते. एका बाईंनी माझ्याकडे न बघताच म्हटलं, “ताई, तिकडचं टोक धरा. आधी झटकू, मग घडी.” आम्ही ती लांबलचक सतरंजी अंगणात नेऊन झटकली, नाकातोंडात धूळ गेली. मग दोघी चालत एकमेकींजवळ आलो, टोकाला टोक जुळवलं, पुन्हा मागं गेलो. तीन सतरंज्या होईपर्यंत माझं नाव, गाव, बँक आणि भाड्याचं घर कुणाच्या वाड्यात, हे सगळं त्यांना कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मंडईत त्यांनीच लांबून हाक मारली. या गावातली ती मला आलेली पहिली हाक.

पुढं जे लिहिलंय ते त्याच क्रमानं करा असं नाही, पण पहिल्या दोन पायऱ्या सोडू नका.

आधी गाव समजून घ्या

पहिले दोन-तीन आठवडे फक्त बघा आणि टिपून ठेवा. आठवडी बाजार कोणत्या वारी, वीज दुरुस्तीसाठी कोणत्या दिवशी जाते, पाणी कधी येतं, ग्रामदैवताची यात्रा आणि उरूस कोणत्या महिन्यात. या चार गोष्टींवर गावाचं वेळापत्रक चालतं, आणि पुढं तुम्ही एखादा कार्यक्रम ठरवाल तेव्हा हेच टिपण उपयोगी पडेल.

कार्यक्रमांची बातमी कुठं लागते ते शोधा. नगरपरिषदेबाहेरचा सूचना फलक, वाचनालयाचा फळा, चौकातले फ्लेक्स, भोंगा लावून फिरणारी रिक्षा, आणि बऱ्याच ठिकाणी घंटागाडीवरून होणारी घोषणा. प्रभागाचा व्हॉट्सॲप गट असतोच. शेजाऱ्यांना सांगून त्यात सामील व्हा. पहिला महिना मात्र त्यात नुसतं वाचा. कोण कशाबद्दल तळमळीनं लिहितं आणि कुणाच्या एका निरोपावर दहा जण खरोखर येतात, ते महिनाभरात लक्षात येतं.

नगरपरिषदेत एकदा जाऊन या, काम नसलं तरी. तुमचा प्रभाग कोणता, नगरसेवक कोण, मैदान आणि सभागृह कोणत्या विभागाकडे आहे, सभागृहाचं भाडं किती, एवढं विचारा. नव्या माणसाची इथं हमखास एक गल्लत होते. नगराध्यक्ष आणि नगरसेवक निवडून आलेले असतात. मुख्याधिकारी हे शासनानं नेमलेले प्रशासकीय प्रमुख. जागा, परवानगी, ट्रॅक्टर, पाण्याचा टँकर, काहीही मागायचं असलं तरी अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे करायचा आणि नगरसेवकांच्या कानावर घालायचं. दोन्ही करा. अर्जाच्या दोन प्रती न्या, एक आवक-जावकला द्या आणि दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ही पोच फाइलला लावायची सवय आजपासूनच लावून घ्या. तोंडी ‘हो’ म्हणणारे साहेब पुढच्या महिन्यात बदलून गेलेले असू शकतात, पोच हातात राहते.

वाचनालयाचं सभासद व्हा

देवळानंतर छोट्या गावात कुणालाही जाऊन बसता येईल अशी जागा म्हणजे वाचनालय. महाराष्ट्राला याची जुनी परंपरा आहे: रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि पुढं गावोगावी तशा व्याख्यानमाला उभ्या राहिल्या. तुमच्या गावातही एखादी नक्की असेल. नसेल तर बंद पडलेली असेल, आणि ती पुन्हा सुरू व्हावी असं वाटणारे दोन-चार जण वाचनालयातच भेटतील.

सभासद होणं सोपं असतं. अर्ज, फोटो, पत्त्याचा पुरावा, थोडी अनामत आणि मासिक वर्गणी. काही ठिकाणी जुन्या सभासदाची शिफारस म्हणून सही मागतात; कुणाला ओळखत नसलात तर ग्रंथपालांना तसं सरळ सांगा, ते मार्ग काढतात. वर्तमानपत्रं वाचायला बसायचं असेल तर सहसा सभासदही असावं लागत नाही. सकाळी तिथं निवृत्त शिक्षक, जुने नगरसेवक आणि स्पर्धा परीक्षेची मुलं एकाच टेबलाभोवती भेटतात.

आता मदतीचं. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक ग्रंथालयं संस्था चालवतात आणि शासन त्यांना अनुदान देतं. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली त्यांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी होते आणि अनुदान त्या वर्गावर ठरतं. म्हणजे ग्रंथपाल आणि शिपाई तुटपुंज्या मानधनावर काम करत असतात आणि कामाचा ढीग मोठा असतो. दाखलनोंदवही पुढं नेणं, फाटलेल्या पुस्तकांना पुठ्ठा आणि कागद लावणं, विषयवार मांडणी, जुने दिवाळी अंक वर्षवार लावणं, बालविभागात शनिवारी तासभर गोष्ट वाचून दाखवणं. “आठवड्याला दोन तास देऊ शकते, बुधवार आणि शनिवार, पाच ते सहा,” असं नेमकं सांगा. “काही मदत लागली तर सांगा” असं म्हणणाऱ्याला कुणीच काही सांगत नाही.

कॅलेंडरमध्ये २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन खूण करून ठेवा. या दिवशी प्रत्येक वाचनालयाला काहीतरी करायचंच असतं आणि माणसं कमी पडतात. नव्या माणसाला आत घ्यायला यासारखी वेळ नाही.

मैदान

पहाटे मैदानावर चालायला जाणाऱ्यांचे गट असतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कुणीतरी आपणहून बोलतं. तालमी, व्यायामशाळा, कबड्डी आणि खो-खोची मंडळं संध्याकाळी जागी होतात. खेळण्याचं वय सरलं असलं तरी स्पर्धेच्या दिवसांत तिथं कामाला माणूस हवाच असतो: गुणलेखक, वेळ पाहणारा, पाणी देणारा, बर्फ आणि बँडेज घेऊन कडेला बसणारा.

मी मैदान आखायला शिकले. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर बाय १० मीटर. आधी एका कोपऱ्यात खिळा ठोकून दोरी ताणायची, मग काटकोन मिळवायचा. त्यासाठी एका बाजूवर तीन मीटर, दुसऱ्या बाजूवर चार मीटर मोजायचं आणि दोन खुणांमधलं अंतर बरोबर पाच मीटर भरेपर्यंत दोरी सरकवत राहायची. मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदानरेषा, तिच्या पुढं एक मीटरवर बोनस रेषा. मग दोरीच्या कडेनं डब्याला भोकं पाडून फक्की मारत जायचं. वाऱ्याची दिशा पाहून उभं राहायचं, नाहीतर फक्की डोळ्यांत जाते. हे काम सकाळी सातला सुरू होतं आणि त्या वेळी मैदानावर असणारी मुलं पुढची दहा वर्षं तुम्हाला काकू नाहीतर काका म्हणून ओळखतात.

बायकांनी एक गोष्ट मुद्दाम विचारावी: मैदानावर किंवा बॅडमिंटन हॉलमध्ये महिलांसाठी वेगळी वेळ आहे का? नसेल तर दहा जणींच्या सह्यांचा अर्ज द्या. आमच्याकडे संध्याकाळी सहा ते सातची वेळ अशीच मिळाली. अर्जाबरोबरच मैदानावरचे दिवे चालू असण्याची आणि स्वच्छतागृहाच्या किल्लीची मागणी करा. ती नसेल तर मिळालेली वेळ कागदावरच राहते.

मंडळं, उत्सव, जयंत्या

१८९३ मध्ये लोकमान्य टिळकांनी सार्वजनिक गणेशोत्सवाला चालना दिली तेव्हापासून आपल्याकडचं गल्लीतलं संघटन बऱ्याच अंशी मंडळाभोवतीच उभं राहिलंय. तुमच्या दारी वर्गणीला मुलं येतील. ऐपतीप्रमाणे द्या, पावती घ्या, आणि तिथंच विचारा: “कामाला कधी येऊ?” हा प्रश्न त्यांना फार क्वचित ऐकायला मिळतो.

मांडवात सजावट आणि वाजंत्री यांना माणसं पुष्कळ मिळतात. कमी पडतात ती मुलांच्या चित्रकला-वक्तृत्व स्पर्धांना, महिलांच्या कार्यक्रमाच्या नियोजनाला आणि विसर्जनाच्या दिवशी घाटावर. घाटावर निर्माल्य गोळा करणं, कृत्रिम हौदाकडे लोकांना वळवणं, लहान मुलं पाण्याच्या कडेला जाऊ नयेत म्हणून दोरी धरून उभं राहणं, ही कामं नव्या माणसाला सहज जमतात. पट्टीचं पोहणं येत नसेल तर पाण्यात उतरू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

आणि एकाच मंडळात अडकू नका. ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती, १९ फेब्रुवारीची शिवजयंती, १४ एप्रिलची आंबेडकर जयंती, उरूस, ईद, नाताळ, सगळीकडे जा. आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकीत उन्हातान्हात पाणी वाटायला, पुस्तकांचा स्टॉल सांभाळायला माणूस लागतोच. गावाच्या एकाच आळीत ज्याची ओळख होते, तो त्या आळीचाच होऊन राहतो.

श्रमदान, झाडं, रक्तदान

संत गाडगेबाबांची रीत आठवा. ज्या गावात जायचे, तिथं आधी खराटा हातात घेऊन रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. गावाला ते अनोळखी असायचे, पण कीर्तन सुरू होईपर्यंत अर्ध्या गावानं त्यांना झाडताना पाहिलेलं असायचं. २० डिसेंबरला त्यांची पुण्यतिथी असते. अनेक नगरपरिषदा त्या सुमाराला स्वच्छतेचा कार्यक्रम घेतात. तिथून सुरुवात करा.

स्वच्छतेच्या कामात एक चूक आम्ही केली, ती सांगते. एका रविवारी पंचवीस जणांनी ओढ्याचा काठ साफ केला, चाळीसेक पोती कचरा निघाला, फोटो काढले आणि घरी गेलो. पोती उचलायला ट्रॅक्टर येईल की नाही हे कुणीच विचारलं नव्हतं. रात्रीत कुत्र्यांनी पोती फाडली आणि सोमवारी सकाळी कचरा रस्त्यावर पसरला होता, आधीपेक्षा घाण. तेव्हापासून आमचा नेम ठरला: आरोग्य निरीक्षकांना आठ दिवस आधी लेखी कळवायचं, ट्रॅक्टरची वेळ पक्की करायची आणि शेवटचं पोतं चढेपर्यंत दोघांनी थांबायचं. जाड हातमोजे आणि बूट सक्तीचे. सुया, सलाईनच्या नळ्या, रक्ताळलेले बोळे दिसले तर हात लावायचा नाही. जागेवर खूण करून निरीक्षकांना दाखवायचं.

ओला-सुका कचरा वेगळा करण्याचं काम गल्लीत समजावून सांगायला माणसं हवीच असतात. वेंगुर्ल्याच्या नगरपरिषदेनं आपला कचरा डेपो लोक बघायला येतात अशी जागा करून दाखवला. त्याच्या मुळाशी घरोघरी वेगळा केलेला कचरा आहे. दारोदार जाऊन बोलायचं असेल तर शेजारच्या, गावात मुरलेल्या एखाद्या बाईंना बरोबर घ्या. त्या “अगं वहिनी, ऐक जरा” म्हणतात तेव्हा दार उघडतं.

झाडं लावायला जूनमध्ये सगळे येतात. खरी गरज डिसेंबर ते मे या महिन्यांत असते. म्हणून लावण्याच्या कार्यक्रमातच वाटणी करा: एका घराकडे दोन झाडं, नाव वहीत, आठवड्याला दोनदा पाणी. खड्डे मे महिन्यात खणून उन्हात तापू द्या. करंज, कडुनिंब, बहावा, जांभूळ अशी इथली झाडं घ्या. वरून विजेच्या तारा नाहीत आणि खालून पाइपलाइन नाही हे बांधकाम आणि पाणीपुरवठा विभागाला विचारून जागा ठरवा. आणि वाढलेलं झाड आपणच लावलंय म्हणून आपल्या मनानं तोडता येत नाही. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे, परवानगी लागते.

रक्तदान शिबिराला दाता म्हणून जा किंवा फॉर्म भरून देणारा म्हणून. वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ असावं लागतं. पुरुषांना तीन महिन्यांनी आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. उपाशीपोटी येणारे खूप असतात, त्यांना परत जेवायला पाठवा. हिमोग्लोबिन कमी भरलं म्हणून हिरमुसून परत जाणाऱ्या मुली मी दर शिबिरात पाहते. त्यांच्याशी दोन मिनिटं बोलून ग्रामीण रुग्णालयात तपासणीला पाठवणं हे रक्ताच्या पिशवीइतकंच मोलाचं काम आहे, आणि ते शिबिराच्या कुठल्याच अहवालात येत नाही.

स्वतःचा पहिला कार्यक्रम

किमान सहा महिने दुसऱ्यांच्या कार्यक्रमात राबल्याशिवाय स्वतःचा घेऊ नका. घ्याल तो छोटा घ्या: पन्नास माणसं, दीड तास, एकच वक्ता किंवा एकच स्पर्धा. आणि एकट्यानं नको, वाचनालय किंवा एखाद्या मंडळाच्या नावाबरोबर घ्या. त्यांच्याकडे सतरंज्या असतात, माईक असतो, आणि गावाचा विश्वास असतो.

तारीख ठरवताना ते जुनं टिपण काढा. आठवडी बाजार नको, दाट लग्नतिथी नको (सभागृहही मिळत नाही आणि माणसंही), फेब्रुवारी-मार्चमधल्या दहावी-बारावीच्या परीक्षा नकोत, वीज जाण्याचा वार नको. निवडणुका तोंडावर आहेत का, हेही बघा. आचारसंहिता लागली की नगरपरिषदेचे कार्यक्रम आणि उद्घाटनं थांबतात आणि सभागृहाची ठरलेली तारीखसुद्धा अडचणीत येऊ शकते.

तारीख ठरली की तीन अर्ज. एक मुख्याधिकाऱ्यांना, जागेसाठी. दुसरा पोलीस ठाण्याला, कार्यक्रमाची माहिती आणि ध्वनिक्षेपकाची परवानगी म्हणून. तिसरा वीज किंवा पाणी जास्तीचं लागत असेल तर त्या-त्या विभागाला. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावू देत नाहीत. वर्षातल्या मोजक्या, जाहीर केलेल्या दिवशीच बारापर्यंत सवलत असते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र धरतात. उघड्यावर कार्यक्रम असेल तर तो साडेनऊला संपेल असाच आखा, म्हणजे माईकवाल्याला दहाच्या आत आवरता येतं.

निमंत्रण पायी द्या. व्हॉट्सॲपवर टाकलेलं पत्रक सगळे बघतात आणि कुणी येत नाही. पंचवीस घरी जाऊन “काका, शनिवारी सहाला, तुमच्याकरता पुढची खुर्ची ठेवते,” असं म्हणाल तर वीस जण येतात आणि सोबत आणखी कुणाला आणतात. पत्रिकेवर नावं कमीत कमी. एक नाव राहिलं तर वर्षभर पुरेल इतका रुसवा होतो, म्हणून संस्थेचं नाव, वक्त्याचं नाव आणि विषय एवढंच छापा.

त्या दिवशीची तयारी दुपारी तीनला सुरू होते. किल्ली कुणाकडे आहे ते आदल्या दिवशी बघा आणि त्या माणसाचा फोन नंबर दोघांकडे ठेवा. आधी स्वच्छतागृह उघडून पाहा. पाणी आहे का, कडी लागते का, दिवा लागतो का. बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप असलेली कितीतरी सभागृहं मी पाहिली आहेत, आणि अशा ठिकाणी दुसऱ्यांदा बायका येत नाहीत. पायऱ्या चढता न येणाऱ्यांसाठी एक बाजू मोकळी ठेवा. पुढं सतरंज्या, मुलं तिथं बसतात. मागं खुर्च्या, पहिल्या दोन रांगा वयस्करांसाठी. पंख्याखाली माईक नको, आवाज फाटतो. पाण्याचे जार दोन आणि पेले धुवायला एक जण.

सहा म्हणजे सहाला सुरू करा, समोर आठ माणसं असली तरी. पहिल्या कार्यक्रमाला हे फार अवघड जातं, जीव तुटतो. पण एकदा साडेसहाला सुरू केलंत की गाव पुढच्या वेळी पावणेसातला येतं. प्रास्ताविक तीन मिनिटांचं, हार-तुऱ्यांऐवजी एक पुस्तक, दीपप्रज्वलन करायचं असेल तर तेल-वात-काडेपेटी आधी तपासलेली. आभार मानताना सभागृहाच्या शिपायाचं आणि माईकवाल्याचं नाव घ्या. त्यांचं नाव तिथं क्वचितच घेतलं जातं.

पैसा आणि नोंदणी

रुपयाचा हिशेब ठेवा आणि तो कार्यक्रमानंतर आठ दिवसांत फळ्यावर लावा, कुणी मागितला नाही तरी. लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर १९५० च्या महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. नोंदणी नसलेली उत्सव मंडळंही ती दरवर्षी घेतात. तुमचा गट दोन-तीन वर्षं टिकला आणि निदान सात जण जबाबदारी घ्यायला तयार असतील, तरच संस्था नोंदवण्याचा विचार करा. १८६० चा संस्था नोंदणी अधिनियम आणि १९५० चा विश्वस्त कायदा, दोन्हींखाली नोंद होते. त्यानंतर दरवर्षी लेखापरीक्षण आणि कार्यकारिणी बदलली की बदल अर्ज हे आलंच. नुसत्या नावासाठी नोंदवलेल्या आणि पुढं कागदांत अडकून बसलेल्या संस्था प्रत्येक तालुक्यात आहेत. जुन्या संस्थेची एक उपसमिती होऊन काम करणं पुष्कळदा जास्त सुटसुटीत.

काही गोष्टी ज्या कुणी आधी सांगत नाही

गावात गट असतात. वाचनालयात दोन, मंडळात तीन, मैदानावर आणखी वेगळे. पहिल्या वर्षी कुणाच्याही पाठीमागे कुणाबद्दल बोलू नका, ऐकलेलं पुढं नेऊ नका. सभेत “आमच्या पुण्यात असं करायचे” हे वाक्य टाळा. मी ते पहिल्याच वार्षिक सभेत बोलले होते. सूचना चांगली होती, पण सभागृह गप्प झालं आणि ती सूचना पुढं चार वर्षांनी दुसऱ्या कुणीतरी मांडली तेव्हा मंजूर झाली.

कुठल्या पक्षाच्या व्यासपीठावर बसायचं की नाही हे स्वतःशी आधीच ठरवून ठेवा, कारण आग्रह होणारच. आणि नाही म्हणायला शिका. कामाचा माणूस मिळाला की सगळे त्यालाच बोलावतात. वर्षभरात थकून तो एकदम सगळंच सोडतो. मी एक वाचनालय आणि एक मैदान एवढंच धरलं, बाकी ठिकाणी पाहुणी म्हणून जाते.

कार्यक्रम झाल्यावर दुसऱ्या दिवशी चार कामं करा. सभागृह झाडून किल्ली परत द्या आणि दिल्याची सही घ्या. वक्त्यांना आणि मुख्याधिकाऱ्यांना आभाराचं पत्र द्या. बिलं, पावत्या, परवानग्यांच्या पोचा एका फाइलमध्ये लावा. आणि त्याच फाइलच्या पहिल्या पानावर लिहा: माईकवाला कोण, सतरंज्या किती आणि कुठं ठेवल्यात, किल्ली कुणाकडे, कोणता पंखा बंद आहे. ती फाइल घरी न्यायची नाही, वाचनालयाच्या कपाटात ठेवायची, म्हणजे पुढच्या वर्षी जो कुणी नवा येईल त्याला ती ग्रंथपालांकडून मिळेल.